आईची पानथरी

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून घरी आलो आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, की आई डाव्या कुशीवर झोपत नाही. दोन घास भात खाल्ला की ताट सरकवते. तांदूळ निवडायला बसली की पाय लांब करून मागे रेलून बसते, वाकत नाही. मी पंधराव्या वर्षी शिकायला नागपूरला गेलो. तेव्हापासून घरी आलो तो दिवाळीत चार दिवस, उन्हाळ्यात आठ दिवस. तेवढ्यात या गोष्टी दिसत नाहीत. आता स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत लॅपटॉप लावून बसलो, एका काडीचं नेटवर्क आणि दिवसभर आई समोर, तेव्हा दिसल्या.

आईचं पोट मोठं होतं हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल बोलायचं नाही, इतकंच. शेजारच्या एका काकूने एकदा ताईला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुये मायले या वयात दिवस गेले का वो?" ताई तेव्हा अठरा वर्षांची. ती घरी येऊन रडली आणि त्यानंतर आई बाहेर पडताना पदर पुढून ओढून घ्यायला लागली.

मी विचारलं तर आई म्हणाली, "मले काई नाई झालं. माह्या मायलेबी असंच होतं."

हे ती मला समजवायला म्हणाली होती. मला त्याचीच भीती वाटली.

आजीचा, म्हणजे आईच्या आईचा, एकच फोटो घरात आहे. धानोरा तालुक्यातल्या तिच्या घरासमोर ती खाटेवर बसली आहे, हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे. मी तिला पाहिलंय ते अंधुक आठवतं. आठवतात ते तिच्या पोटावरचे काळे डाग. बरगडीखाली डावीकडे, ओळीने, बिब्ब्याचे. पानथरी वाढली की बिब्बा घालायचा किंवा तापलेल्या सळईने डागायचं हा आमच्याकडचा जुना इलाज. पानथरी म्हणजे प्लीहा, हे मला पुढे शाळेच्या पुस्तकात कळलं. पण शब्द आधीपासून कानावर होता, जसे मोहफूल, बोडी, तेंदूपत्ता हे शब्द होते. आजी गेली २००३ साली. कशाने गेली विचारलं तर उत्तर एकच, पोटाने.

आईच्या पोटावरही तीन डाग आहेत हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं. सोनोग्राफी करणाऱ्या टेक्निशियनने विचारलं म्हणून.

तिथपर्यंत पोहोचायला दीड वर्ष गेलं. आधी तालुक्याच्या एका डॉक्टरने रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या आईने सहा महिने खाल्ल्या, काही फरक नाही. मग दुसऱ्या एकाने पोटाला हात लावला, चेहरा गंभीर केला आणि बाबांना बाहेर बोलावून सांगितलं की ब्लड कॅन्सर असू शकतो. बाबा वनरक्षक होते. तीस वर्षं जंगलात काढलेला माणूस. रात्री त्यांचा फोन आला तेव्हा बराच वेळ ते नुसते "हॅलो, हॅलो" करत राहिले, जणू मला ऐकू येत नाहीये. मला सगळं ऐकू येत होतं.

नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात नंबर लागला. हिमोग्लोबिन सात, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी. प्लीहा साधारण अकरा-बारा सेंटीमीटर लांब असते, आईची चोवीस निघाली. डॉक्टर मॅडमने टेबलावर झोपवून बरगडीच्या कडेपासून खाली टेप लावला आणि कागदावर लिहिलं, १७. म्हणजे बरगडीखाली सतरा सेंटीमीटर. माणसाची प्लीहा बरगड्यांच्या आड लपलेली असते, निरोगी माणसाच्या पोटात ती हाताला लागत नाही. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. आईची बेंबी ओलांडून गेली होती.

मग तपासण्यांची रांग. बोन मॅरो काढला, ल्युकेमियासाठीची जनुकीय चाचणी केली, काळा आजार पाहिला, यकृताच्या शिरेतला दाब पाहिला, सिकलसेल पाहिला. एकेक रिपोर्ट नॉर्मल येत गेला आणि आमची भीती वाढत गेली. शेवटी एक आकडा आला जो नॉर्मल नव्हता, आयजीएम. रक्तातली एक प्रकारची अँटिबॉडी, मर्यादेच्या कितीतरी पट. आणि मलेरियाविरुद्धच्या अँटिबॉडीज भरपूर.

मॅडम म्हणाल्या, "मला वाटतं हा मलेरियाचा प्रकार आहे."

मी म्हटलं, मॅडम, मलेरिया तर तिन्ही वेळा निगेटिव्ह आलाय. स्लाइडवर एक जंतू दिसला नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे, मला ते आमच्या भाषेत दिसत होतं: लॉगमध्ये एकही एरर नाही आणि सर्व्हर मात्र सगळी मेमरी खाऊन बसलाय.

त्या म्हणाल्या, जंतू सापडत नाही हेच तर या आजाराचं लक्षण आहे. शरीर जंतूला इतकं मारतं, की स्लाइडवर काही उरत नाही. पण मारणं थांबवत नाही.

आजाराचं नाव हायपररिअ‍ॅक्टिव्ह मलेरियल स्प्लेनोमेगाली, थोडक्यात एचएमएस. आधी याला ट्रॉपिकल स्प्लेनोमेगाली सिंड्रोम म्हणत. म्हणजे उष्ण प्रदेशात राहणाऱ्यांची पानथरी का कोण जाणे वाढते, एवढाच त्या नावाचा अर्थ. बंगालमध्ये, युगांडात, नायजेरियात, पापुआ न्यू गिनीत डॉक्टरांना अशी माणसं दिसत होती आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव होतं. आपल्या देशात तर पानथरी मोजून मलेरिया मोजायची पद्धत फार जुनी. १८४० च्या दशकात यमुनेच्या कालव्यांमुळे ताप वाढतो का हे बघायला ब्रिटिश सरकारने एक समिती नेमली. त्यातला डेम्पस्टर नावाचा डॉक्टर गावोगाव जाऊन लोकांची पोटं चाचपत फिरला. किती जणांची पानथरी हाताला लागते त्यावरून गाव किती तापाचं ते ठरवायचं. तेव्हा मलेरियाचा जंतू माहीत नव्हता, डासाचा संबंध माहीत नव्हता. पण पोटं चाचपणं बरोबर होतं.

पण मलेरियाने पानथरी थोडी वाढणं वेगळं आणि आईसारखी वाढणं वेगळं. आमच्या भागात ताप कुणाला आला नाही? गडचिरोली हा राज्यातला सर्वाधिक मलेरियाच्या जिल्ह्यांपैकी एक. बाबांची नोकरी एटापल्लीच्या बाजूला. क्वार्टरच्या मागे जंगल, पावसाळ्यात चारी बाजूंनी पाणी. आशाताई आरडीकेची किट घेऊन यायच्या, बोटाला टोचायच्या, औषध भरलेल्या मच्छरदाण्या वाटायच्या. त्यातल्या काही मासे धरायला गेल्या हेही खरं. ताप आम्हा चौघांनाही यायचा. मग पोट एकट्या आईचंच का?

हा प्रश्न मी मॅडमना विचारला आणि त्यांनी पेन काढून केसपेपरच्या मागे चौकोन आणि गोल काढायला सुरुवात केली. चौकोन पुरुष, गोल बाई. आजी, आई, मामा, मावशी. कुणाचं पोट कसं होतं, कुणी कुठे राहतं. मामाचं? थोडं असावं, तो दाखवत नाही. मावशीचं? नाही, ती अठराव्या वर्षी लग्न होऊन नागपूरला आली. मॅडमनी मावशीच्या गोलाखाली ओळ मारली.

त्यांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. मलेरिया वारंवार झाला की शरीर आयजीएम बनवतं. हा मोठा, पाच तुकडे जोडलेला रेणू. बहुतेकांच्या शरीरात काही काळाने हे उत्पादन आवरतं घेतलं जातं, कारण आवर घालणाऱ्या टी पेशी असतात. काही माणसांत याच आवरणाऱ्या पेशींवर शरीराच्या स्वतःच्या अँटिबॉडीज उलटतात. मग आयजीएम बनवणाऱ्या बी पेशींना थांबवणारं कुणी राहत नाही. रक्तात आयजीएमची गठ्ठीच्या गठ्ठी साचतात आणि ती उचलून नेण्याचं काम पानथरीवर पडतं. काम वाढतं तशी ती वाढते. वाढली की येणारं रक्त आतच अडकून बसतं, चांगल्या पेशीही भरडल्या जातात. हिमोग्लोबिन सात त्यामुळे. लोहाच्या गोळ्यांनी काय होणार?

आणि ही माणसं अनेकदा एकाच घरातली निघतात. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. मलेरिया सगळ्या गावाला, हा आजार ठरावीक घरांना. याचं एक जनुक सापडलेलं नाही. सिकलसेलसारखं सरळ गणित इथे चालत नाही. पापुआ न्यू गिनीतल्या वॉटुट नदीच्या वरच्या खोऱ्यात याचं प्रमाण प्रचंड होतं. तिथल्या रुग्णांत १९८५ च्या एका अभ्यासात एचएलए-डीआर२ हा प्रकार जास्त आढळला. एचएलए म्हणजे आपलं कोण, परकं कोण हे शरीराने ओळखायची खूण, जी आईबापांकडून येते.

मला सगळ्यात धरून ठेवलं ते पश्चिम आफ्रिकेतल्या फुलानी लोकांनी. हे पारंपरिक गुराखी. बुर्किना फासोमध्ये डेव्हिड मोदियानो आणि सहकाऱ्यांनी फुलानी आणि त्यांचे शेजारी मोसी यांची तुलना केली. तेच गाव, तेच डास. फुलानींच्या रक्तात जंतू कमी, ताप कमी, अँटिबॉडीज मात्र जास्त. आणि पानथरी मोठी होण्याचं प्रमाणही फुलानींत जास्त. मलेरियापासून वाचवणारी म्हणून जी जनुकं प्रसिद्ध आहेत, सिकलसेलसकट, ती फुलानींत उलट कमी सापडली. त्यांचं संरक्षण दुसरीकडूनच आलं होतं. मी रात्री दोन वाजता हे वाचलं आणि आईला ताप फारसा कधी चढत नसे ते आठवलं. मला आणि बाबांना हुडहुडी भरायची, आई आमच्या कपाळावर पट्ट्या ठेवायची. सगळे म्हणायचे, हिला काही होत नाही, काटक बाई आहे.

याच शोधाशोधीत मी १९६९ च्या एका पेपरपाशी पोहोचलो. युगांडातल्या डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये लिहिलेला, आणि सगळं त्याच्या मथळ्यातच होतं. ट्रॉपिकल स्प्लेनोमेगालीच्या रुग्णांत सिकलसेलचे वाहक सापडत नाहीत. आजूबाजूच्या लोकसंख्येत ते भरपूर, या रुग्णांत नाहीत.

मी लॅपटॉप बंद केला. कारण मी वाहक आहे.

हे घरात कुणाला माहीत नव्हतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेजात शिबिर लागलं होतं, विदर्भात अशी शिबिरं होतातच. आधी सोल्युबिलिटी, मग इलेक्ट्रोफोरेसिस, मग कागद: एएस. एक जनुक बरं, एक सिकलचं. आजार नाही, काही त्रास नाही, फक्त लग्नाच्या वेळी बघायचं. तो कागद मी मार्कशीटच्या फाइलमध्ये सगळ्यात मागे घातला आणि विसरलो, म्हणजे विसरल्यासारखं केलं. कारण सिकलसेल काय असतो हे मी आमच्या घरातच पाहिलंय. माझा चुलतभाऊ एसएस आहे. लहानपणी आम्ही एकत्र खेळायचो आणि मधेच तो पाय धरून खाली बसायचा. रात्री त्याच्या ओरडण्याने वाडा जागा व्हायचा. लहानपणी त्याचीही पानथरी मोठी होती, मग ती आतल्या आत आक्रसत गेली. विळ्याच्या आकाराच्या पेशी अडकून अडकून ती वाळते. आता सोनोग्राफीत तो ठिपका दिसतो. एकाच वाड्यात एका बाईची पानथरी बेंबीखाली आणि एका पोराची नाहीशी. गावातले लोक दोन्हीला एकच म्हणायचे, घराण्यात काहीतरी आहे.

वाहकाला मलेरिया गंभीर रूपात होण्याची शक्यता बरीच कमी असते. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसनने हे पूर्व आफ्रिकेत दाखवलं. म्हणून तर इतकं घातक जनुक मलेरियाच्या मुलखात टिकून राहिलं. हे मी बारावीच्या बायोलॉजीत पाठ केलं होतं, दोन मार्कांना यायचं. त्यात माझा काही संबंध असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आईचा रिपोर्ट एए होता. म्हणजे माझं सिकलचं जनुक बाबांकडून आलं. काका वाहक, काकू वाहक, त्यांचा मुलगा एसएस. तिकडची बाजू जुळत होती. मग राहिली ताई.

ताई भामरागडच्या बाजूला आश्रमशाळेत शिकवते. आठ वर्षं झाली. दर पावसाळ्यात तिला ताप येतो, ती गोळ्या खाते, शाळेत जाते. मी फोन करून म्हटलं, एकदा सिकलची टेस्ट कर. ती म्हणाली, "बाबू, आता माह्यं लग्न झालं, पोरगी झाली, आता कायले?" मी म्हटलं कर. तिने केली. एए.

तिला मी तेव्हा सांगितलं नाही मी का विचारत होतो. मला हायसं वाटायला हवं होतं, सिकल नाही, तिच्या मुलीलाही तिच्याकडून येणार नाही. पण मी त्या युगांडाच्या पेपरकडे बघत बसलो होतो. जो कागद मी सात वर्षं लपवला तो मला वाचवणारा निघाला, आणि ताईला तो मिळाला नव्हता. शिवाय मी हिंजवडीत, तेविसाव्या मजल्याच्या आसपास, डासांच्या वर. ती तिकडे.

पुढच्या खेपेला मी मॅडमना हे सगळं सांगितलं, फुलानींसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एका घरावरून सिद्धांत मांडू नका. तुम्ही पंधराव्या वर्षी तिथून निघालात. तुमच्या मावशी अठराव्या वर्षी निघाल्या, त्या तर वाहकही नसतील." मग जरा थांबून, "बहिणीला घेऊन या. हात लावून बघू."

त्यांचं बरोबर होतं. माझ्याकडे पाच माणसांचा डेटा होता आणि त्यावर मी रात्री जागत होतो.

आईचं औषध सुरू झालं. आधी मलेरियाचा पूर्ण कोर्स, त्याआधी जी६पीडीची तपासणी, मग रोज एक प्रोग्वानिलची गोळी. किती दिवस? वर्षभर, कदाचित दोन वर्षं, तापाच्या भागात राहणार असाल तर पुढेही. मलेरिया पुन्हा पुन्हा होऊ द्यायचा नाही, की शरीराला अँटिबॉडी बनवायला निमित्तच उरत नाही आणि आयजीएम हळूहळू उतरतो. पानथरी काढून टाकता येत नाही का, असं बाबांनी विचारलं. येते, पण ज्या माणसाला परत त्याच जंगलात जायचंय त्याने ती काढू नये. तिच्याशिवाय साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो.

यातला एक भाग मॅडमनी मला एकट्याला सांगितला. औषधाने पानथरी उतरली तर निदान बरोबर. नाही उतरली तर लिम्फोमाचा विचार करावा लागेल. घानामध्ये असे रुग्ण सापडलेत, जे वरून अगदी एचएमएससारखे दिसतात, पण आत पेशींची एकच जात वाढत असते. दोन्हींतला फरक सुरुवातीला नेहमी कळतोच असं नाही. म्हणजे आमचं निदान भविष्यकाळात होतं.

मी एक एक्सेल शीट केली. तारीख, सेंटीमीटर, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, गोळी चुकली का. ऑफिसात मी इतकी निगुतीने एकही शीट ठेवलेली नाही. पहिली ओळ १७. तीन महिन्यांनी १६. एक सेंटीमीटर म्हणजे टेप तिरका धरल्याचा फरकही असू शकतो. त्या दिवशी नागपूर ते गडचिरोली लालपरीत आई खिडकीला डोकं टेकून झोपली होती आणि मी मोबाईलवर लिम्फोमा शोधत होतो, मग बंद करत होतो, मग पुन्हा शोधत होतो. ब्रह्मपुरीला गाडी थांबली तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "भूक लागली."

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिने दोन समोसे खाल्ले. अख्खे.

सहाव्या महिन्यात १२. वर्षाने ७. हिमोग्लोबिन साडेदहा. वीस महिन्यांनी ४, म्हणजे चार सेंटीमीटर, तेही तिने खोल श्वास घेतला की. मध्ये दोनदा गोळ्या संपल्या आणि तिने आम्हाला सांगितलं नाही. एकदा तेंदूपत्त्याच्या हंगामात कुणीतरी म्हणालं की रोजच्या गोळीने किडनी जाते, म्हणून तिने महिनाभर बंद केली. तो महिना शीटमध्ये लाल आहे. त्यावर आमचं मोठं भांडण झालं. ती म्हणाली, माह्यी माय बिब्ब्यावर साठ वर्षं जगली. मी म्हटलं, जगली नाही, तशी मेली. हे मी बोलायला नको होतं. ती उठून परसात गेली आणि बराच वेळ आली नाही.

लग्नाचं सांगायचं राहिलं. एका स्थळाला मी पहिल्याच भेटीत सांगितलं की मी वाहक आहे, मुलीची टेस्ट करून घ्या. मुलीचे वडील म्हणाले कळवतो. त्यांनी कळवलं नाही. आई मला म्हणाली, सांगायची काय गरज होती. मग स्वतःच म्हणाली, बरं केलं.

गेल्या दिवाळीत ताई आली. मी तिला नागपूरला नेण्याचा विषय काढला, नेहमीप्रमाणे ती टाळायला लागली. सुट्टी नाही, पोरगी लहान, मला काही होत नाही. आई भाजी चिरत होती. तिने विळी बाजूला केली, हात पदराला पुसले आणि ताईला म्हणाली, "झोप इथं."

ताई हसत खाटेवर आडवी झाली. आईने मॅडमसारखंच केलं. गुडघे दुमडायला लावले, डावा हात पाठीखाली, उजव्या हाताची बोटं बरगडीखाली, "घे श्वास." दोन वर्षं हे तिच्यावर झालं होतं, ते तिच्या हातात उतरलं होतं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. ताईचं हसणं थांबलं. बाबा दारात उभे.

"दोन बोटं हाये," आई म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, "लिही. आन् बुधवारची गाडी पाय, मीबी येतो संगं."

मी शीट उघडली आणि आईच्या रकान्याशेजारी नवा रकाना केला.